‘हेअर मेटल’: केशभूषेच्या नावाखाली पुरलेला इतिहास

#थ्रेड

१/ रॉक संगीताच्या इतिहासात एक कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्याकडे पुरावा मागण्याची कुणाला गरजच वाटत नाही. कथा अशी: ग्लॅम मेटल हे लॉस एंजेलिसचे अपत्य. इंग्लंडमधील डेफ लेपर्डसारखे गट हे त्याचे नकलाकार. डॉलरच्या मोहाने त्यांनी मायदेशाशी प्रतारणा केली. आणि १९९१ मध्ये निर्वाणा अवतरले व हा सारा केसाळ देखावा एका रात्रीत आटोपला.

२/ ही चार विधाने आहेत आणि तारखांच्या कसोटीवर चारही ढासळतात. डेफ लेपर्डची गाणी न आवडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. परंतु नावड हा पुरावा नव्हे, आणि नावडीला इतिहासाचा दर्जा मिळाला की त्याखाली माणसे गाडली जातात. या प्रकरणात गाडला गेला आहे तो एका पोलादी शहरातील कामगारांच्या मुलांचा इतिहास. म्हणून एकेक विधान क्रमाने तपासू.

३/ विधान पहिले: ‘लॉस एंजेलिसचे अपत्य’.

१९७१ मध्ये टी. रेक्सचा मार्क बोलन डोळ्यांखाली चकाकी लावून बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात उभा राहिला. ब्रिटिश ग्लॅम रॉकचा आरंभ बहुतेक अभ्यासक येथून धरतात. पाठोपाठ स्लेड, स्वीट, डेव्हिड बोवी, मॉट द हूपल, रॉक्सी म्युझिक आले. दर आठवड्याला दूरचित्रवाणीसमोर बसून हे पाहणाऱ्या पिढीत शेफील्डचा जो एलियट होता. त्याचा जन्म १९५९ चा. म्हणजे तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा होता.

४/ ग्लॅमची ही नटवी ऐट आणि हेवी मेटलची जड गिटार यांचा संगम ब्रिटनमध्ये कधी झाला? लंडनमध्ये १९७९ साली ‘गर्ल’ नावाचा गट उभा राहिला. गायक फिल लुईस, गिटारवादक फिल कॉलन. रंगवलेले चेहरे, भडक पोशाख, कर्कश गिटार. त्यांचा ‘शीअर ग्रीड’ हा पहिला अल्बम १९८० चा. लॉस एंजेलिसच्या ग्लॅम मेटलचा मूळपुरुष मानला जाणारा मॉट्ली क्रू हा गट स्थापन झाला १९८१ मध्ये, आणि पॉयझन १९८३ मध्ये. ज्याला नकलाकार म्हणून हिणवावे, तो मूळपुरुषाच्या बारशाला जेवलेला निघतो.

५/ याहून बोलका पुरावा १९८३ चा आहे. लॉस एंजेलिसच्या क्वायट रायट या गटाचा ‘मेटल हेल्थ’ हा अल्बम त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकी विक्रीयादीच्या अग्रस्थानी पोहोचला, आणि तेथून रेकॉर्ड कंपन्यांनी सनसेट स्ट्रिपवरील गटांना हुडकून करारबद्ध करण्याचा सपाटा लावला. ज्या गाण्याने या अल्बमला घराघरांत नेले ते होते ‘कम ऑन फील द नॉइझ’. ते गाणे स्लेडचे. इंग्लंडच्या मध्यभागातील, वुल्व्हरहॅम्प्टनकडच्या औद्योगिक पट्ट्यातील या गटाने ते १९७३ मध्येच ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले होते.

६/ याचा अर्थ लॉस एंजेलिसचे कर्तृत्व शून्य होते असा नव्हे. तेथील क्लब, तेथील वेशभूषा आणि चित्रफितींचा बाज यांनी पुढे इंग्लंड-वेल्सच्या गटांवरही छाप पाडली. रॅथचाइल्ड आणि कार्डिफचा टायगरटेल्झ हे गट त्याची साक्ष देतात. उसनवारी दोन्ही बाजूंनी झाली. पण खातेवहीत केवळ एकाच बाजूचे येणे लिहायचे आणि दुसरी बाजू कोरी ठेवायची, याला हिशेब म्हणत नाहीत.

७/ विधान दुसरे: ‘मायदेशाशी प्रतारणा’.

येथे मायदेश म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. शेफील्ड म्हणजे पोलाद. अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समनने मुशीतील पोलादाची पद्धत येथे रुजवली. १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्लीने गंजरोधक पोलाद येथेच तयार केले. सुऱ्या, काटे, चमचे यांवर या शहराचे नाव कोरून जगभर जात असे. डेफ लेपर्डच्या आरंभीच्या तालमी झाल्या त्या चमच्यांच्या एका कारखान्यातील खोलीत. ‘मायदेश’ या शब्दामागे हा पत्ता आहे.

८/ १९७७ मध्ये टॅप्टन शाळेतील रिक सॅव्हेज, पीट विलिस आणि टोनी केनिंग यांच्या गटाला जो एलियट येऊन मिळाला. विलिसशी त्याची भेट झाली ती बस चुकल्यामुळे. पुढच्या वर्षी गिटारवादक स्टीव्ह क्लार्क आला. क्लार्क एका अभियांत्रिकी कंपनीत लेथ चालवीत होता, तर एलियट पोलादी हत्यारांच्या कारखान्यात नोकरीला होता. ही माणसे कामगारवर्गाचे ‘प्रतिनिधित्व’ करीत नव्हती. ती सकाळी कामावर जात होती.

९/ नोव्हेंबर १९७८ मध्ये हल शहरातील एका स्टुडिओत त्यांनी तीन गाणी ध्वनिमुद्रित केली. पैसे एलियटच्या वडिलांकडून उसने घेतलेले. तबकडी १९७९ च्या आरंभी निघाली ती ‘ब्लजन रिफोला’ या स्वतःच्याच लेबलवर. बीबीसीच्या जॉन पीलने ती वाजवली आणि मागणी वाढली. स्वतःच्या बळावर तबकडी काढणे हा पंक गटांचा थोर पराक्रम म्हणून पुस्तकांतून गौरवला जातो. नेमके तेच कृत्य या मुलांनी त्याच सुमारास केले, तर ते ‘धंदेवाईकपणाची पहिली पायरी’ कसे ठरते?

१०/ आता १९८०. २ जानेवारी रोजी ब्रिटनमध्ये पोलाद कामगारांचा देशव्यापी संप सुरू झाला. तो १३ आठवडे चालला. शेफील्डमधील हॅडफिल्ड्स कारखान्याच्या दारात फेब्रुवारीत निदर्शकांची प्रचंड गर्दी लोटली. एप्रिलच्या आरंभी संप मिटला, पण पुढच्या काही वर्षांत शहरातील कारखाने एकामागून एक बंद पडत गेले. डेफ लेपर्डचा ‘ऑन थ्रू द नाइट’ हा पहिला अल्बम बाजारात आला १४ मार्च १९८० रोजी. म्हणजे संप ऐन भरात असताना.

११/ याच अल्बममध्ये ‘हॅलो अमेरिका’ हे गाणे होते आणि तेच गुन्ह्याचा पुरावा म्हणून दाखवले गेले. ते लिहिले गेले तेव्हा या मुलांनी अमेरिकेत पाऊलही टाकलेले नव्हते. ‘साउंड्स’ या साप्ताहिकाने १९७९ मध्ये ‘ब्रिटिश हेवी मेटलची नवी लाट’ हे नाव रूढ केले होते आणि डेफ लेपर्डला तिचे लाडके अपत्य ठरवले होते. त्याच ‘साउंड्स’मधून लवकरच हा गट अमेरिकेला विकला गेल्याचा आरोप झाला. भट्ट्या विझू लागलेल्या गावातील विशीच्या मुलांनी समुद्रापलीकडचे स्वप्न पाहिले, हा अपराध लंडनच्या संपादकीय टेबलावरून ठरवला गेला.

१२/ त्यानंतर ऑगस्ट १९८० चा रेडिंग महोत्सव. गटावर डबे व बाटल्या फेकल्या गेल्या, आणि हा प्रसंग ‘जनतेचा निकाल’ म्हणून आजवर उद्धृत होतो. वास्तविक त्या काळी रेडिंगला व्यासपीठावर काहीबाही भिरकावणे ही रीतच होती. अनेक गटांना तो प्रसाद मिळाला. हा किस्सा फार फुगवला जातो, असे स्वतः एलियटने पुढे सांगितले आहे. एका दुपारच्या हुल्लडीला चाळीस वर्षांच्या निवाड्याचे वजन देणारा इतिहासकार पुरावा तोलत नाही. तो आपल्या मताला साक्षीदार शोधतो.

१३/ मग विक्री काय सांगते? जानेवारी १९८३ मध्ये ‘पायरोमेनिया’ आला. अमेरिकेत तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. त्याच्या वर होता मायकेल जॅक्सनचा ‘थ्रिलर’. आज अमेरिकेत त्याची प्रमाणित विक्री १ कोटी प्रतींच्या घरात आहे. ब्रिटनमध्ये तोच अल्बम अठराव्या क्रमांकावर थांबला. अल्बम दोन्ही देशांत एकच होता, गाणीही तीच. अमेरिकी श्रोत्याने घेतला, ब्रिटिश श्रोत्याने फारसा घेतला नाही. यात गटाने मायदेश सोडला असे म्हणायचे, की मायदेशाने गटाकडे पाठ फिरवली असे?

१४/ येथे शेफील्डच्याच दुसऱ्या एका गटाची तुलना अटळ आहे. ह्यूमन लीगही १९७७ चाच. त्यांच्या संस्थापकांपैकी दोघे संगणकचालक, तर गायक फिल ओकी रुग्णालयात हमाल. म्हणजे तीच नगरी आणि तोच कष्टकरी थर. १९८२ मध्ये ह्यूमन लीगचे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. सिंथ-पॉप गटांच्या त्या यशाला ‘दुसरे ब्रिटिश आक्रमण’ असे गौरवाचे नाव मिळाले. त्यांच्या यंत्रध्वनीत अभ्यासकांना औद्योगिक शहराचे स्पंदन ऐकू आले. ते आलेच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही.

१५/ परंतु ‘पायरोमेनिया’च्या ढोलांमागे फेअरलाइट हा संगणकीय वाद्ययंत्राचा प्रकार होता, आणि त्याचे कीबोर्ड थॉमस डॉल्बी या सिंथ-पॉपमधील नामवंताने टोपणनावाने वाजवले होते. यंत्र एका गटाच्या हाती आले की ते आधुनिकता ठरते आणि दुसऱ्याच्या हाती आले की बनवेगिरी. हा भेद ध्वनीत नाही. ऐकणाऱ्याच्या प्रतिष्ठेच्या कल्पनेत आहे. गिटार, घाम आणि कारखान्यातून सुटलेली पोरे हा श्रोतृवर्ग समीक्षकाला परवडत नव्हता, एवढेच.

१६/ विधान तिसरे: ‘नकलाकार’.

नक्कल स्वस्त असते आणि झटपट होते. १९८७ चा ‘हिस्टेरिया’ तयार व्हायला तीन वर्षांहून अधिक काळ लागला. निर्माता रॉबर्ट जॉन ‘मट’ लँग. त्याआधी एसी/डीसीचा ‘बॅक इन ब्लॅक’ त्यानेच घडवला होता. त्याचा हेतू उघड होता: ‘थ्रिलर’प्रमाणे ज्यातील जवळपास प्रत्येक गाणे स्वतंत्रपणे चालेल असा रॉक अल्बम. त्यासाठी आवाजांचे थरांवर थर चढवले गेले, गिटारचे सूर सुटे सुटे करून मुद्रित झाले, झालेले काम मोडून पुन्हा केले गेले. या पद्धतीला निर्जीव म्हणता येईल. आळशी मात्र म्हणता येणार नाही.

१७/ त्या तीन वर्षांत जे घडले ते ‘केसाळ’ या शब्दात कुठेच बसत नाही. ३१ डिसेंबर १९८४ रोजी शेफील्डबाहेरच्या घाटरस्त्यावर ढोलवादक रिक ॲलनच्या मोटारीला अपघात झाला. त्याचा डावा हात तुटला. शल्यचिकित्सकांनी तो जोडला, पण जंतुसंसर्गामुळे पुन्हा काढावा लागला. ॲलन तेव्हा २१ वर्षांचा होता. गटाने दुसरा वादक नेमला नाही. डाव्या हाताचे काम डाव्या पायाने करता यावे म्हणून पायपट्ट्यांची योजना असलेला खास इलेक्ट्रॉनिक संच बनवण्यात आला, आणि ॲलन वाजवायला नव्याने शिकला.

१८/ १६ ऑगस्ट १९८६ रोजी कॅसल डॉनिंग्टनच्या ‘मॉन्स्टर्स ऑफ रॉक’ महोत्सवात तो एका हाताने आणि दोन पायांनी वाजवत हजारोंसमोर बसला. एलियटने त्याचे नाव घेताच मैदान दुमदुमले. हाही ब्रिटिश हेवी मेटलचा श्रोतृसमूहच होता, आणि रेडिंगनंतर सहाच वर्षांनी. तरीही लोकप्रिय इतिहासात ‘जनतेचा निकाल’ म्हणून बाटल्या उरतात, आणि हा जयघोष फार तर भावुक किस्सा म्हणून उरतो. दोन्ही घटना सत्य आहेत. निवड इतिहासकाराची आहे.

१९/ पुढच्या वर्षी ‘हिस्टेरिया’ ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर आला. अमेरिकेत त्याला ते स्थान मिळायला जवळजवळ वर्ष लागले. जगभर त्याच्या २ कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्यातील ‘रॉकेट’ हे गाणे तर सत्तरच्या दशकातील ग्लॅम व रॉक कलावंतांच्या नाममाळेसारखे आहे. २००६ मध्ये गटाने ‘येह!’ हा अल्बम काढला. त्यात टी. रेक्स, बोवी, स्वीट, रॉक्सी म्युझिक, मॉट द हूपल यांची गाणी नव्याने गायली. आपला वंशवृक्ष ते स्वतःच पानोपानी लिहून ठेवत होते. वाचण्याची तसदी घेतली गेली नाही.

२०/ विधान चौथे: ‘निर्वाणाने एका रात्रीत संपवले’.

‘नेव्हरमाइंड’ निघाला सप्टेंबर १९९१ मध्ये. जानेवारी १९९२ मध्ये तो अमेरिकी यादीत पहिला आला. कथेनुसार येथे पडदा पडायला हवा. मार्चअखेर डेफ लेपर्डचा ‘ॲड्रेनलाइझ’ आला आणि ब्रिटन व अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर पोहोचला. अमेरिकेत तो तेथे पाच आठवडे राहिला. मृत्यूचा दाखला आधी आणि विजययात्रा नंतर, असा हा चमत्कारिक मृत्यू आहे.

२१/ त्याच एप्रिलमध्ये वेम्बली मैदानावर फ्रेडी मर्क्युरीचा स्मृतिसोहळा झाला. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या या गायकाला आदरांजली वाहायला डेफ लेपर्ड तेथे होते. मॉट द हूपलचा इयन हंटर, बोवी आणि मिक रॉन्सन यांनी ‘ऑल द यंग ड्यूड्स’ गायले तेव्हा एलियट आणि कॉलन त्यांना साथ देत होते. हा कॉलन म्हणजे लंडनच्या ‘गर्ल’मधलाच. १९८२ पासून तो डेफ लेपर्डमध्ये होता. १९७२ चे ग्लॅम आणि त्याचे वारस एकाच व्यासपीठावर होते. लॉस एंजेलिसचा वंशावळीवरील दावा या दृश्यापुढे कितपत टिकतो?

२२/ उतार आला हे खरे. १९९६ च्या ‘स्लँग’ने पूर्वीची उंची गाठली नाही. पण तो उतार सावकाश आला, आणि त्यामागे एकच गट किंवा एकच गाणे नव्हते. रेकॉर्ड कंपन्यांनी एकाच साच्यातून काढलेल्या गटांची गर्दी केली होती, आणि नंतर त्याच कंपन्यांनी व वाहिन्यांनी नव्या मालाकडे मोहरा वळवला. ‘एका रात्रीत क्रांती’ ही कथा या बाजारव्यवहारावर शौर्याचे पांघरूण घालते. म्हणूनच ती बाजाराला प्रिय आहे.

२३/ आता टीकाकारांचे जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. या संगीतातील स्त्रीचे चित्रण बहुधा उथळ आहे, आणि चित्रफितींत ते अधिकच उघडे पडते. त्यावर कठोर लिहिले जावे. मद्यपानाला दिलेले वलयही तसेच. पीट विलिसला १९८२ मध्ये त्याच कारणाने गट सोडावा लागला. ८ जानेवारी १९९१ रोजी स्टीव्ह क्लार्क लंडनमधील घरी मृत आढळला. कारण मद्य आणि औषधे यांचा एकत्रित परिणाम. वय ३०. पण ही टीका माणसांना माणसे मानून होते. ‘हेअर मेटल’ हा शब्द टीका करत नाही. तो वाचण्याआधीच पुस्तक मिटतो.

२४/ तुच्छतेतून दिलेली नावे इतिहासाला नवी नाहीत. मध्ययुगीन कॅथीड्रलांना ‘गॉथिक’ म्हटले गेले ते रानटी गॉथ टोळ्यांच्या नावाने. प्रबोधनकाळातील इटालियनांच्या लेखी तो अपशब्दच होता. पुढे अभ्यासकांनी त्या कमानींचे गणित उलगडले तेव्हा शिवीचे रूपांतर शास्त्रीय संज्ञेत झाले. ‘हेअर मेटल’ही नव्वदच्या दशकात, बहर ओसरल्यावर रुजलेले टोमण्याचे नाव आहे. फरक इतकाच की येथे शिवीलाच संज्ञा मानून अभ्यास आटोपता घेतला गेला.

२५/ हॅडफिल्ड्सचा तो पोलाद कारखाना, ज्याच्या दारात १९८० मध्ये कामगार उभे ठाकले होते, पुढे बंद पडला. त्या जागेवर १९९० मध्ये मेडोहॉल हे भव्य खरेदी-संकुल उघडले. लेथ चालवणाऱ्यांची ती पिढी शहराच्या नकाशावरूनच पुसली गेली. त्या पिढीतील पाच मुलांनी जे घडवले त्याला अल्बम, तारखा, विक्रीचे आकडे असे सज्जड दस्तऐवज आहेत. इतके असूनही त्यांचा इतिहास केसांच्या लांबीवर मोजला जातो. मग ज्यांच्यामागे एकही तबकडी उरली नाही, त्यांचा इतिहास कोण आणि कशाने मोजणार?

२६/ म्हणून मागणी साधी आहे. डेफ लेपर्डला थोर म्हणा असा आग्रह नाही. २०१९ मध्ये त्यांना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. प्रमाणपत्रांची त्यांना वाण नाही. आग्रह आहे तो क्रमाचा: आधी तारीख, मग जागा, मग माणसाचे काम, आणि सर्वांत शेवटी आपली अभिरुची. हा क्रम उलटा झाला की जे उरते त्याला इतिहास म्हणत नाहीत. ती केवळ कालच्या समीक्षकाची नावड असते, आजच्या पुस्तकात छापलेली.

(समाप्त)